एका नारळाची एकच वाटी : कुडाळजवळच्या करवंटी कारागिरांकडे एक दिवस

कोकणकन्या एक्सप्रेसने सकाळी कुडाळला उतरलो, तेव्हा आमच्याजवळ पत्ता म्हणून एवढेच होते की पिंगुळीच्या पुढे, एका पाणंदीच्या टोकाला, करवंटीच्या वस्तू बनविणारे एक घर आहे. आधी फोन न करता गेलो ही आमची चूक. रिक्षावाल्याने दोन ठिकाणी विचारून नेमके घर गाठून दिले खरे. पण आम्ही पोहोचलो आणि वीज गेली. घरच्या काकींनी पडवीत चटई टाकली, “लाईट गेली, वायच बसा” म्हणून कोकम सरबत आणून दिले आणि पुढचे दोन तास यंत्रे बंदच राहिली. मात्र त्या दोन तासांमुळेच हातकाम नीट पाहायला मिळाले.

कारखाना म्हणजे घरामागचा मांगर, सामान ठेवायची साधी शेड. एका भिंतीशी सोललेल्या नारळांच्या करवंट्यांचा ढीग, दुसरीकडे कानशी, करवतीची पाती, गिरमिट आणि निरनिराळ्या नंबरांचे काचपेपर. तिथले मेस्त्री पूर्वी सुतारकाम करीत. त्यांच्या मते लाकडापेक्षा करवंटी अवघड, कारण लाकूड मापाला कापता येते, करवंटीचे माप मात्र माडावरच ठरलेले असते. जाडी जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, आणि तीही एकाच करवंटीत सगळीकडे सारखी नसते. म्हणून प्रत्येक करवंटी ते आधी बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. खणखणीत आवाज आला तर ती कामाची. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे असे समजून ती न्हाणीच्या चुलीकडे जाते. कोवळ्या नारळाची फिकट करवंटी घासताना भुसभुशीत होते, त्यामुळे पूर्ण पिकलेल्या नारळाची काळपट करवंटीच ते घेतात.

करवंट्या येतात कुठून, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. प्रत्यक्षात निम्मा धंदा त्यावरच चालतो. देवळात दगडावर आपटून फोडलेल्या नारळाचे वेडेवाकडे तुकडे होतात, त्यांतून फार तर कानातली आणि गुंड्या निघतात. वाटीसाठी नारळ मधोमध, कोयत्याच्या पाठीने फिरवत फिरवत ठोकून फोडलेला लागतो. त्यामुळे आसपासच्या घरांतल्या बायकांना त्यांनी तसे फोडायला सांगून ठेवले आहे आणि अखंड कडेच्या करवंट्यांचे ते पैसे देतात. यात त्यांची स्पर्धा आंघोळीच्या पाण्याखालच्या जाळाशी आणि करवंटीचा कोळसा करणाऱ्या व्यापाऱ्यांशी आहे.

फोडलेल्या नारळाचे दोन भाग सारखे दिसले तरी सारखे नसतात. वरच्या भागाला तीन डोळे असतात आणि त्यांतला एक मऊ असतो, कारण कोंब तिथूनच बाहेर पडायचा असतो. “डोळ्यांची करटी पाणी धरणा नाय,” असे म्हणून मेस्त्रींनी त्या डोळ्यात काडी खुपसून आरपार काढून दाखविली. म्हणजे एका नारळाची पातळ पदार्थाला चालेल अशी वाटी एकच. डोळ्यांचा भाग दिव्याचे झाकण, छोटी कुंडी किंवा किल्लीला लावायचे कासव यांसाठी जातो. दुकानात वाटीच्या किमतीवर घासाघीस करताना हे आपल्या लक्षात येत नाही.

आमच्यासमोर त्यांनी एक डवली, म्हणजे करवंटीचा दांडीवाला डाव, केली. करवतीच्या पात्याने आतला तंतुमय पापुद्रा खरवडला, बाहेरून कानस फिरवली, मग समोरासमोर दोन भोके पाडून बांबूची तासलेली दांडी एकातून दुसऱ्यात ठोकून घट्ट बसविली. खिळा नाही, डिंक नाही. शेवटी खोबरेल तेलाचा बोळा फिरवताच राखाडी करवंटीवर काळ्या-तपकिरी रेषा उमटल्या. वीज आल्यावर ग्राइंडरवर हेच घासकाम काही मिनिटांत झाले. पण बारीक भुकटी सगळ्या मांगरात पसरली आणि जळक्या करवंटीच्या वासाने घसा धरला. ती भुकटीसुद्धा वाया जात नाही. डिंकात कालवून ती सांध्यांत भरतात, त्यामुळे सांधा दिसत नाही.

हाच न दिसणारा सांधा खरेदी करताना शोधावा. मागे एका किनाऱ्यावरच्या दुकानातून मी बैठक चिकटविलेला पेला घेतला होता; तिसऱ्याच चहाला तो बैठकीपासून सुटला. चिकटविलेल्या वस्तू कोरड्या जिन्नसांसाठी घ्याव्यात, खाण्याच्या वाट्या एकसंध करवंटीच्या घ्याव्यात आणि आतून वॉर्निश आहे की नुसते तेल, हे स्पष्ट विचारावे. उजेडात धरून केसाएवढा तडा आहे का ते पाहावे. घरी आणल्यावर वस्तू पाण्यात भिजत ठेवू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच घालू नये. धुऊन लगेच पुसावी आणि महिन्यातून एकदा खोबरेल लावावे.

जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून वीज आणि काम दोन्ही चालू आहे ना, याची खात्री करून घ्यावी. गणेशचतुर्थीच्या दिवसांत जाऊ नये, तेव्हा कोकणात कोणीच कामावर नसते. पावसाळ्यात करवंट्यांना बुरशी धरते आणि वाळवण अडते, म्हणून नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. दमा असलेल्यांनी मास्क न्यावा. मोबाइलला रेंज बेताची असल्यामुळे रोख रक्कम जवळ असावी. साध्या डवलीला आम्ही दीडशे रुपये दिले. रिक्षा परतीसाठी थांबवूनच ठेवावी, कारण पाणंदीवर दुसरी मिळत नाही.

वेळ उरला तर पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या पाहता येतील; लाकडी खेळण्यांसाठी सावंतवाडीची चितार आळी आहेच. आम्ही मात्र कुठेच गेलो नाही. निघताना काकींनी डोळ्यांच्या करवंटीची एक कुंडी हातावर ठेवली आणि मऊ डोळ्याचे भोक बुजवू नका, जास्तीचे पाणी तिथूनच निघून जाते, असे बजावले. सध्या तिच्यात ओवा लावला आहे.