तुम्ही विचारलंत म्हणून: दिवा लागलाय, काय बदलू?

वडिलांची किंवा काका-मामांची जुनी गाडी वाट्याला आलेली माणसं मला साधारण एकच प्रश्न विचारतात. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावून बघितला, ऑक्सिजन सेन्सरचा, म्हणजे धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या भागाचा, कोड आला. तर सेन्सर बदलून टाकू का? माझ्याकडे काकांची गाडी आल्यापासून तिची बरीचशी कामं मी स्वतःच करतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर असं, की इतक्यात काही बदलू नका. कोड कुठे शोधायचं एवढंच सांगतो. तिथे काय सापडेल, ते शोधल्यावरच कळतं.

पण शोधायला वेळ आहे की नाही, हे आधी रंगावरून ठरवा. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं, ‘घर जवळच आहे’ म्हणायचं नाही. हा दिवा सहसा ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो, आणि दाब नसेल तर बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही. काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकतं. तापमानाच्या लाल दिव्यालाही हाच नियम, आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर सावकाश तपासायला हरकत नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र ॲक्सिलरेटर सोडा आणि थांबा. अशा वेळी बहुधा इंजिन जोरात मिसफायर होत असतं, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नसतं. ते न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळून जाऊ शकतो.

वारशाने आलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे न लागणारा दिवा. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका आणि डॅशबोर्डकडे बघा. इशाऱ्याचे दिवे क्षणभर तरी लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. काकांच्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागतच नव्हता. मीटर कन्सोल काढून मागून बघितलं, तर त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी व्यवस्थित कापून लावलेली होती. कुणीतरी कधीतरी ‘दुरुस्त केलं’ म्हणून गाडी परत दिली होती, आणि काका त्या भरवशावर सगळ्यांना घेऊन फिरत होते. मला याचा आजही राग येतो. खरा दोष स्टीअरिंगखालच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये निघाला. स्टीअरिंग फिरलं तरी हॉर्न आणि एअरबॅगची जोडणी टिकवणारी ती तारांची गुंडाळलेली पट्टी. हॉर्न मधूनच वाजायचा नाही, तोही ही तारांची पट्टी तुटल्यामुळेच. एअरबॅगचं काम मात्र घरी करू नका. मीही ते जाणकाराकडूनच करून घेतलं.

आता त्या सेन्सरकडे येऊ. कोडच्या यादीत पी ०१७१ दिसला तर त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरने केलेली असते, म्हणून लोक त्यालाच धरतात. पण धुरात प्राणवायू जास्त असेल तर तो तसं सांगणारच, ते त्याचं कामच आहे. खरा प्रश्न असा, की जास्तीची हवा येते कुठून? की इंधनच कमी पडतंय? स्कॅनरवर नुसते कोड न बघता चालू इंजिनाचे आकडे बघता येत असतील, तर ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा शोधा. मिश्रण सुधारण्यासाठी कॉम्प्युटर किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय, ते तिथे दिसतं. गाडी नुसती उभी असताना हा आकडा खूप वर असेल आणि रेस वाढवल्यावर खाली येत असेल, तर इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या, बाजूने कुठेतरी जास्तीची हवा आत शिरतेय. रेस वाढवली, लोड आला की आकडा आणखी चढत असेल, तर इंधन पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा मळलेला सेन्सर यांच्याकडे वळायचं.

काकांच्या गाडीत आकडा उभ्यानेच चढलेला होता. बॉनेट उघडून कान दिला तर इंजिनाच्या मागच्या अंगाला बारीक ‘स्स्स’ असा आवाज. तिथली बोटभर जाडीची रबरी नळी वरून अगदी धड दिसत होती. वाकवल्यावर खालच्या बाजूची चीर उघडली. नळी बदलली, आकडा जागेवर आला. ऑक्सिजन सेन्सर अजून जुनाच आहे आणि उत्तम चालतोय.

मिसफायरचंही असंच. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर इंजिन बंद करून पहिल्यावरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरची पहिल्यावर लावा. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला. नाही गेला तर प्लग, मग इंजेक्टर. एकही पार्ट विकत न घेता निम्मं काम होतं.

एकाच वेळी तीन-चार असंबद्ध दिवे लागले, म्हणजे एबीएस, स्टीअरिंग, चेक इंजिन असे सगळे, तर आधी बॅटरी बघा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू असताना बहुतेक जुन्या गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या आसपास. टर्मिनल घासून साफ करा, बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर गंजली नाही ना बघा. व्होल्टेज पडलं की सगळेच कॉम्प्युटर तक्रार करायला लागतात.

आणि कोड पुसून दिवा घालवू नका, निदान लिहून घेतल्याशिवाय तरी नाही. दोष आला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान काय होतं, याची नोंदही कोडबरोबर पुसली जाते, आणि पुढच्या माणसाला पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं.

मात्र अशा गाडीतली सगळ्यात मोठी धोक्याची गोष्ट दिव्याने कळतच नाही. टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याला, बहुतेक गाड्यांत दिवा नसतो. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसा वर्षांनीही जुना होतो, आणि तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. काकांची सवय अशी, की प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर पेन्सिलने मॅन्युअलच्या मागच्या पानावर लिहायचे. त्या पानावर बेल्ट नव्हता, म्हणून तो झालेलाच नाही असं धरून मी सगळ्यात आधी तोच बदलला. तुमच्या गाडीला बेल्ट असेल आणि नोंद नसेल, तर तुम्हीही तसंच करा. चेन असलेल्या इंजिनाला हे लागू नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात तेही वाचा. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कधी बदललं ते ठाऊक नसेल तर बदलून टाका.

यानंतर हमखास विचारतात, की एवढं करण्यापेक्षा विकावी का? माणसाची आठवण गाडीत गुंतलेली असली की हे विचारतानाही जीव कातर होतो, ते मला समजतं. पण दिव्यांवरून हा निर्णय घेऊ नका. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, विशेषतः सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथे. वरवरचा गंज चालेल. पण तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरने दाबल्यावर आत जात असेल, तर सेन्सर आणि कॉइलवर खर्च करण्याआधी वेल्डिंगचं काम जाणणाऱ्या माणसाला ती जागा दाखवा, आणि तो ‘होणार नाही’ म्हणाला तर त्याचं ऐका.