बोटी बंद, बिल चालू

जून संपला आणि रत्नागिरीतल्या एका मासळी निर्यातदाराने क्लाऊडचं बिल माझ्यापुढे टाकलं. "होड्या शाकारून ठेवल्यात, किलोभर मासळी आली नाही. मग मे महिन्याएवढं बिल कसलं हो?" 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी. काटा बंद, टेबलात नवी नोंद नाही. प्रश्न रास्तच होता.

त्यांचा डेटा बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या क्लाऊडवरच्या डेटाच्या कोठारात. बिगक्वेरी उत्तराचे नाही, वाचनाचे पैसे घेते; अमेरिकेतल्या दराने टीबीमागे (साधारण हजार जीबी) 6.25 डॉलर. 'शेवटच्या दिवसाची आवक' काढणारी एक शेड्यूल्ड क्वेरी, म्हणजे डेटाला आपोआप विचारला जाणारा प्रश्न, दर 15 मिनिटांनी 60 जीबी वाचत होती. दिवसाला 96 फेऱ्या, म्हणजे रोजचे 35 डॉलर. क्वेरीच्या शेवटी लिमिट 10, म्हणजे दहाच ओळी दाखव, असं लावलेलं. त्याने बिल कमी होतं असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

टेबल तारखेवार पार्टिशन केलेलं, म्हणजे दर तारखेला वेगळा कप्पा असलेलं होतं, क्वेरीत तारखेची अटही होती. पण ती तारीख आतल्या क्वेरीने शोधलेली: सगळ्यात अलीकडची कुठली ते बघा आणि ती घ्या. तारीख आधी ठाऊक नाही, म्हणून कुठली पार्टिशनं वगळायची ते ठरत नाही, सगळीच वाचली जातात. वर सिलेक्ट स्टार, म्हणजे सगळेच कॉलम. डेटा बदललेला नाही तर कॅशमधून, म्हणजे आधीच्या साठवलेल्या निकालातून, फुकट उत्तर मिळायला हवं ना? पण निकाल दुसऱ्या टेबलात लिहायचा असला की कॅश वापरली जात नाही.

ज्याने ही क्वेरी लिहिली तो केव्हाच नोकरी सोडून गेलाय. त्याला नावं ठेवायला जीभ रेटेना. आजची तारीख घातली असती तर वादळात, बंदीत अहवाल कोरा आला असता. मी तारीख आधी व्हेरिएबलमध्ये काढून घेतली, त्यासाठी एकच कॉलम वाचावा लागतो. मग ती अटीत टाकली आणि लागतात तेवढेच चार कॉलम ठेवले. फेरीमागचं वाचन एका जीबीच्या खाली आलं.

बजेटचा इशारा होता म्हणे! तो नुसता मेल पाठवतो, थांबवत काही नाही. अकाउंटंट ते मेल जाहिरात समजून उडवत होते.

रोजच्या वाचनाला कोटा लावू म्हटलं, मालकांना पटलं. गोदामाचे सुपरवायझर अडून बसले. "ऐन हंगामात संध्याकाळी कोटा संपला, तर कुठला ट्रक आधी भरायचा ते कोणाला विचारू?" बिनतोड सवाल. कोटा अजून लावलेला नाही.