पिंकनीच्या रानातला दगडी पतंग

मँचेस्टरचा काळा पतंग शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलाय: गिरण्यांचा धूर, काजळलेली खोडं, त्यावर उठून दिसणारे पांढुरके पतंग टिपणारे पक्षी. त्याच जातीची अमेरिकन उपजाती, बिस्टन बेट्युलॅरिया कॉग्नाटारिया, मिशिगनमध्ये राहते. जूनमध्ये मावसबहिणीकडे ॲन आर्बरला गेले, तेव्हा पिंकनीच्या रानात मुक्काम करायचा हट्ट मीच धरला.

हा मुलूख हिमनद्यांनी घडवलेला. बर्फाचे तुकडे वितळले तिथे तळी झाली, आणि कॅनडाकडून वाहत आलेले ग्रॅनाइटचे धोंडे जागोजागी पडून राहिले. रात्री तंबूशेजारी पांढरी चादर टांगून अतिनील दिवा लावला. डास इतके, की बहिणीचा नवरा गाडीतच बसला. उशिरा एक जाडसर, केसाळ अंगाचा पतंग येऊन चिकटला. पिसांसारख्या मिशा, म्हणजे नर. राखाडी पंखांवर काळे ठिपके आणि नागमोडी रेघा. फोटोसाठी अलगद धोंड्यावर ठेवला, तर दिसेनासाच झाला. तो सरकताच भाचा ओरडला, "मावशी, दगडाला पाय फुटले!"

इथून जवळच मिशिगन विद्यापीठाचं जॉर्ज रिझर्व्ह आहे, कुंपणातलं संशोधनाचं रान. तिथे १९५९-६०च्या सुमारास पकडलेल्या या पतंगांत दहातले नऊ काळे होते. १९९४-९५मध्ये ब्रूस ग्रँट आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा पाचांतला जेमतेम एक. मधल्या काळात हवेतली काजळी आणि सल्फर डायऑक्साइड घटले होते. पण झाडांवरच्या दगडफुलात नजरेत भरेल असा फरक पडलेला नव्हता. म्हणजे धूर हटला, खोडांवर दगडफूल परतलं आणि काळे पतंग उघडे पडले, ही पाठ्यपुस्तकी साखळी इथे जशीच्या तशी बसत नाही. मला तर ही अडचणच जास्त आवडली. परीक्षेत मात्र असं लिहिलं असतं तर मार्क गेले असते.

आमच्या चादरीवर काळा एकही आला नाही.

प्रौढ पतंग काही खात नाही, जे काय खायचं ते अळीनेच. ही उंटअळी काडीसारखी ताठ उभी राहते आणि डहाळीप्रमाणे रंग बदलते. ब्रिटिश संशोधकांनी अळ्यांचे डोळे रंगाने झाकून पाहिले, तरी त्यांनी बरोबर रंग धरला, कारण त्यांच्या कातडीलाही रंग कळतो. अळ्या उन्हाळा सरताना मोठ्या होतात. तेव्हा परसातल्या बर्चच्या डहाळ्या चाचपून बघायचं काम भाच्याकडे दिलंय.