वैशाखात ढवळे घाटाने आर्थर सीट

महाबळेश्वरला गेलेला जवळपास प्रत्येक जण आर्थर सीटच्या कठड्याशी उभा राहून सावित्रीचं खोरं बघतो. खाली जे जंगल दिसतं त्यातून माणसं चालत वर येतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पोलादपूर तालुक्यातल्या ढवळे गावातून निघायचं, नदीकाठाने आत शिरायचं, मग ढवळे घाटाची वाट धरून बहिरीची घुमटी आणि गाढवाचा माळ करत थेट आर्थर सीटवर निघायचं. चढ हजार मीटरपेक्षा जास्त. थंडीत हा ट्रेक दमवतो, पण सुखाचा असतो. आम्ही साताऱ्याच्या मंडळींनी तो मे महिन्यात केला, कारण पोरांच्या परीक्षा संपल्या होत्या आणि नोकरीवाल्यांच्या सुट्ट्या तेव्हाच जुळत होत्या.

उन्हाची तयारी आधीपासून चालू होती. रविवारी पहाटे जाणारे आम्ही मुद्दाम दहा-अकराच्या उन्हात अजिंक्यतारा चढायला लागलो होतो, पाठीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन. माणशी पाच लिटर पाणी हा नियम ठरला. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, उलट रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, म्हणून प्रत्येकाकडे ओआरएसच्या पुड्या. ज्यांना ती चव नको होती त्यांच्यासाठी घरगुती हिशेब: एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शिवाय दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, गूळ आणि घट्ट पन्हं.

पोवई नाक्यावरून रात्री गाडी निघाली. मेढा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ मागे टाकत ढवळ्यात पोचलो. गाडीचं दार उघडलं आणि कोकणची ती दमट हवा अंगाला चिकटली. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी बसल्या जागी पाठ भिजत होती.

वाटाड्या मामा गावातलेच. साठीच्या घरातले, अंगाने सडसडीत, कमरेला कोयता, खांद्यावर टॉवेल. या जंगलात गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा इतक्या फुटलेल्या आहेत की वाटाड्याशिवाय कुणी जाऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. मामांनी आमच्याकडे एकदा नजर टाकली आणि पहिलंच वाक्य बोलले, "चंद्रगड आज नको. गडावर गेलात तर घाट उन्हात सापडेल."

पोरांचे चेहरे पडले. चंद्रगड म्हणजे जावळीच्या मोऱ्यांचा इलाखा. १६५६ साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हापासून हा सगळा मुलूख स्वराज्याचा. माथ्यावरची पिंड आणि नंदी बघायची आस घेऊन काही जण आले होते. पण आमच्या म्होरक्या काकांनी क्षणभरही वाद वाढू दिला नाही. "मामा म्हणतील तसं. गड कुठं पळून जात न्हाई." त्या दिवसाचा सगळ्यात मोलाचा निर्णय पहाटे चारच्या आधी, गावातल्या पारावर झाला.

मामांचं गणित साधं होतं आणि ते प्रत्येक उन्हाळी ट्रेकरने समजून घ्यावं. सह्याद्रीची ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. सूर्य तिच्या पाठीमागून उगवतो, त्यामुळे पायथ्याला नवाच्या पुढेपर्यंत सावली मिळते. दुपारनंतर तोच काळा बेसॉल्ट समोरून तापायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत तापतच राहतो. वेळ वाया घालवायचा असेल तर तो सावलीतल्या पायथ्याला घालवता येत नाही, कारण त्याची वसुली वरच्या उघड्या टप्प्यात होते. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्येही उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चालू नका, असं तिथलं राष्ट्रीय उद्यान सांगतं. तिथे कोरड्या हवेत घाम कधी उडून गेला ते कळत नाही. आपल्याकडे उलट: हवेतच इतकं पाणी की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानात ४० अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं आणि किनारपट्टीला ३७ अंशांनाच.

विजेऱ्यांच्या उजेडात आम्ही चालायला लागलो. नदीचं पात्र म्हणजे नुसते धोंडे. उजाडलं तेव्हा गर्द जंगलात होतो. करवंदं पिकली होती. अंजनीला निळी-जांभळी फुलं लगडली होती. डोक्यावरून शेकरू खर्रखर्र ओरडत फांद्या बदलत गेलं. एका कड्याखाली मामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. वर आग्या मोहोळं लोंबत होती. अत्तर नाही, विडी नाही, मोठ्याने बोलणं नाही, अशी तंबी देऊन त्यांनी आम्हाला एकेकाला तिथून काढलं.

अकराच्या सुमारास झाडी विरळ झाली आणि वाट उघड्या धारेवर आली. वाळलेलं गवत बुटाखाली घसरत होतं. हात टेकावा तर खडक पोळत होता. वारा पडलेला.

आमच्यातला सगळ्यात तगडा गडी म्हणजे यवतेश्वरच्या घाटात रोज पळणारा एक तरुण. सातारा हिल मॅरेथॉन पळतो तो. सकाळपासून सगळ्यात पुढे, शिवाय दुसऱ्यांच्या पिशव्याही उचलायचा. तोच चालता चालता गप्प झाला. मग एका ताईंनी पाणी विचारलं तर त्यांच्यावर खेकसला. हा पोरगा कधी कुणावर खेकसत नाही. ताई नर्स आहेत, त्यांनी त्याचा दंड धरला आणि म्हणाल्या, "ह्याला बसवा. आत्ता." दंडावर शहारे आले होते, पोटऱ्यांत गोळे, डोकं ठणकत होतं. उन्हाने अंग हरायला लागल्याची ही लक्षणं. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात, आणि मग त्याला तातडीने दवाखाना लागतो. आम्ही उभे होतो तिथून कुठल्याही बाजूचा डांबरी रस्ता काही तासांवर होता.

कारवीच्या जाळीत मामांनी कोयत्याने जागा केली. दोन ओढण्या ताणून सावली केली, बूट-मोजे काढले, मान, काखा आणि जांघा ओल्या फडक्याने पुसत टोप्यांनी वारा घातला. ताईंनी मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट पाजलं, गटागटा पिऊ दिलं नाही. तो सारखा म्हणत होता, "तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं." काका त्याच्या उशाशी बसून राहिले. "मागनं-बिगनं काय नाय लगा. येताना सगळी आलोय, जाताना सगळी जाणार."

तास-दीड तास गेला. तेवढ्यात मामा बहिरीच्या घुमटीच्या बाजूला एकटेच जाऊन आले आणि कातळातल्या झिरपणीचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आले. त्या उन्हात, त्या वयात, न सांगता. मला तो माणूस आयुष्यभर आठवेल. ते पाणी आम्ही पिण्यासाठी ठेवलंच नाही, पोराच्या अंगावर आणि सगळ्यांच्या टॉवेलांवर ओतलं, म्हणून जवळचं पाणी प्यायला उरलं.

त्याची बोली परत सरळ झाली, लघवीला जाऊन आला, तेव्हाच ताईंनी चालायची परवानगी दिली. त्याची पिशवी सगळ्यांनी वाटून घेतली. आता चाल त्याची आणि बाकी सगळे त्याच्या मागे. वीस मिनिटं चढ, मिळेल त्या सावलीला थांबा, दोन घोट, एक गुळाचा खडा. घुमटीपाशी मामांनी बहिरीला हात जोडले, आम्हीही जोडले. तिथून पूर्वेला जोरचं खोरं उघडतं. त्या अंगाला कृष्णा बंगालच्या उपसागराकडे निघालेली, पाठीमागे सावित्री अरबी समुद्राकडे. एवढ्याशा धारेवर पाणी दोन समुद्रांत वाटलं जातं, हे डोळ्यांनी बघताना मला पायांचा विसर पडला होता.

गाढवाच्या माळापासून हवा बदलली. उंची वाढली आणि वारा लागला. शेवटचा झाडीतला चढ सगळ्यांनी न बोलता काढला. कठड्याशी आलो तेव्हा सूर्य कलला होता. पर्यटकांची गर्दी, भाजलेली कणसं, घोडे. ताकवाल्या मावशींनी आमच्याकडे बघून विचारलं, "खालनं आलाय काय?" आणि ताकात जास्तीचं मीठ घातलं.

पोराला त्याच संध्याकाळी महाबळेश्वरात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून, दोन दिवस पळू नको, भरपूर पाणी पी, असं सांगून सोडलं. ही वाट चालणाऱ्यांनी महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या दरीत उतरून माणसं वर काढणाऱ्या मंडळींचे नंबर जवळ ठेवावेत, आणि कितीही तयारी असली तरी मार्च ते मे ही वाट टाळावी, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबरात जा, चंद्रगडही होईल.

मामा त्याच वाटेने रात्री खाली उतरायला निघाले होते. काकांनी हात धरून अडवलं, जेवू घातलं, ठरल्यापेक्षा जास्त पैसे खिशात कोंबले आणि आमच्या गाडीतून आंबेनळीमार्गे थेट ढवळ्यात नेऊन सोडलं. साताऱ्याला पोचायला त्यामुळे पहाट झाली, आणि गाडीत एकानेही तक्रार केली नाही.