अटलांटातील कार्टर ग्रंथालय : डॉ. पीटर बोर्न यांच्या कागदपत्रांच्या शोधातले चार दिवस

औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, आणि त्या काळात मेथॅक्वालोन हे नाव दर वर्षी एकदा तरी फळ्यावर लिहावे लागे. हा रेणू १९५१ साली भारतात, कॅकर आणि झहीर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम तयार केला. पुढे तो झोपेची गोळी म्हणून जगभर गेला, अमेरिकेत क्वालूड या नावाने नशेसाठी बदनाम झाला, आणि मॅन्ड्रॅक्स या नावाखाली त्याच्या तस्करीच्या बातम्या मुंबईच्या वर्तमानपत्रांतून आपण वर्षानुवर्षे वाचल्या. याच औषधाच्या एका चिठ्ठीमुळे जुलै १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे आरोग्य आणि अमली पदार्थविषयक सल्लागार डॉ. पीटर बोर्न यांना व्हाइट हाउस सोडावे लागले, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना चवीने सांगत असे. निवृत्तीनंतर मुलीकडे अटलांटाला जाणे झाले तेव्हा बोर्न यांच्या कार्यालयाचे कागद त्याच शहरात, कार्टर यांच्या कारकिर्दीची कागदपत्रे जपणाऱ्या कार्टर ग्रंथालयात आहेत हे कळले, आणि ते पाहायचेच असे ठरवले.

बोर्न हे मूळचे इंग्लंडचे, पण वैद्यकाचे शिक्षण अटलांटाच्या एमरी विद्यापीठात झालेले मानसोपचारतज्ज्ञ. व्हिएतनाममध्ये सैन्याच्या सेवेत असताना त्यांनी सैनिकांवरील ताणाचा अभ्यास केला. कार्टर जॉर्जियाचे गव्हर्नर असताना त्या राज्यातील व्यसनमुक्ती कार्यक्रम त्यांनी उभा केला, आणि १९७२ च्या जुलैमध्ये कार्टर यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहावे असे सुचवणारे टिपण लिहिले, जेव्हा जॉर्जियाबाहेर त्या गव्हर्नरांना फारसे कोणी ओळखत नव्हते. नंतर निक्सन यांच्या अमली पदार्थविषयक विशेष कार्यालयातही त्यांनी काम केले. म्हणजे १९७७ साली व्हाइट हाउसमध्ये आलेला हा माणूस सत्तेच्या वर्तुळात नवखा नव्हता, आणि अध्यक्षांशी त्याचा स्नेह जुना होता. कागद वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण इतकी जवळीक असलेला सल्लागार प्रत्येक गोष्ट लिहून कळवतोच असे नाही.

पहिला दिवस माझ्याच निष्काळजीपणामुळे फुकट गेला. ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या सोमवारी मी डबा घेऊन निघाले, आणि तो कोलंबस दिनाचा सरकारी सुट्टीचा दिवस निघाला. ग्रंथालयातील संग्रहालय आणि संशोधन कक्ष यांचे दिवस आणि वेळा वेगळ्या असतात. संशोधन कक्ष शनिवार, रविवार आणि केंद्र सरकारच्या सुट्ट्यांना बंद असतो, त्यामुळे तिथल्या सुट्ट्यांची यादी आधी पाहावी, आणि येण्याची तारीख व हवा असलेला संग्रह ईमेलने कळवून मगच तिकीट काढावे. ईमेलला उत्तर देणारे अभिलेखपाल हेच तुमचे खरे वाटाडे असतात, आणि प्रश्न जितका नेमका तितके त्यांचे उत्तरही नेमके येते. ‘बोर्न यांच्याविषयी काय आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘१९७७ च्या उत्तरार्धातील अमली पदार्थ धोरणावरील टिपणे कोणकोणत्या संग्रहांत सापडतील’ असे विचारलेले बरे.

अटलांटाच्या उत्तरेकडील अल्फारेटा, जॉन्स क्रीक या भागांत आपली मराठी मंडळी बरीच राहतात. तिथून येणाऱ्यांनी सकाळच्या वेळी गाडीने शहरात शिरण्याचा हट्ट धरू नये. नॉर्थ स्प्रिंग्ज स्थानकावर गाडी लावून मार्टा या शहर-रेल्वेच्या लाल मार्गाने फाइव्ह पॉइंट्सपर्यंत जावे, तिथे पूर्वेकडे जाणारी निळी किंवा हिरवी गाडी पकडावी आणि इनमन पार्कला उतरावे. पुढचे अंतर चालण्यासारखे असले तरी लॅपटॉप पाठीवर असल्यास टॅक्सीच बरी. ग्रंथालय एका टेकाडावर, झाडीत लपलेले आहे, आणि अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ च्या अटलांटाच्या लढाईत, उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन याच टेकाडावर होता असे सांगतात. १९८६ च्या १ ऑक्टोबरला, कार्टर यांच्या वाढदिवशी, ते खुले झाले. मागे जपानी पद्धतीची बाग आणि तळे आहे, आणि दुपारचा डबा खायला त्यापेक्षा चांगली जागा मला तरी मिळाली नाही.

आत गेल्यावर पारपत्र दाखवून संशोधकाचे ओळखपत्र करून घ्यावे लागते. ते विनामूल्य असते, आणि ते देताना नियम समजावून सांगतात. पिशवी, कोट, पाण्याची बाटली आणि पेन कपाटात ठेवायचे. आत फक्त पेन्सिल, लॅपटॉप आणि फ्लॅश बंद केलेला कॅमेरा किंवा फोन चालतो. खोक्यांची गाडी तुमच्या टेबलापाशी आणून लावतात, पण टेबलावर एका वेळी एकच खोके घ्यायचे, त्यातून एकच फोल्डर काढायचा, आणि तो जिथून काढला तिथे खुणेचा पुठ्ठा उभा करून ठेवायचा. कागदांचा क्रम बिघडला असे वाटले तरी आपण तो लावायला जायचे नाही, कर्मचाऱ्यांना सांगायचे. घरातल्या कागदपत्रांची थप्पी जमिनीवर पसरून बसण्याची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे पहिल्या तासात जाचक वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र, गेल्या चाळीस वर्षांत या फोल्डरला हात लावलेल्या सगळ्यांनी हाच नियम पाळला म्हणून मला तो मूळ क्रमाने मिळाला, हे लक्षात आले.

संग्रह कसा लावला आहे ते घरीच समजून घ्यावे. आरोग्यविषयक विशेष साहाय्यकाच्या कार्यालयाचे कागद हा एक स्वतंत्र संग्रह असून त्यात बोर्न यांच्या विषयवार फायली आहेत. त्यांची सूची संकेतस्थळावर मिळते, आणि तिच्यात खोक्याचा क्रमांक व फोल्डरचे नाव दिलेले असते. मात्र एवढ्यावर थांबले तर अर्धेच चित्र दिसते. अध्यक्षांकडे गेलेले टिपण कर्मचारी सचिवांच्या, म्हणजे अध्यक्षांकडे जाणारे कागद हाताळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, फायलींत सापडते, आणि त्या फायली मोठ्या प्रमाणात संकेतस्थळावर वाचता येतात. त्याच विषयावर अंतर्गत धोरणाचे प्रमुख स्टुअर्ट आयझेनस्टॅट यांच्या विभागाने काय मत दिले ते त्या विभागाच्या संग्रहात असते, तर बाहेरून आलेली पत्रे व्हाइट हाउसच्या मध्यवर्ती फायलींत विषयाच्या संकेताक्षरांखाली असतात, आणि आरोग्याचे संकेताक्षर ‘एच ई’ आहे. एकाच टिपणाची बोर्न यांच्याकडची कार्बन प्रत आणि अध्यक्षांनी पाहिलेली प्रत शेजारी ठेवून वाचली की पहिलीवर नसलेला समासातला शेरा दुसरीवर दिसू शकतो, म्हणून ही पायपीट टाळू नये. कार्टर कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आपल्या नावाचे आद्याक्षर लिहीत, आणि त्या लहानशा अक्षराला सरावायला मला फार वेळ लागला नाही.

बऱ्याच कागदांच्या कडेला एक छोटा ठसा दिसतो. जतनासाठी काढलेली ही प्रत आहे, असे तो सांगतो. मूळ कागद वेगळा काढून ठेवलेला असतो आणि आपल्या हाती त्याची छायाप्रत येते. वर्तमानपत्रांची कात्रणेही पिवळी पडून शेजारचा कागद डागाळू नयेत म्हणून पांढऱ्या टिकाऊ कागदावर उतरवलेली असतात. मूळ कार्बन प्रती मात्र पातळ, कुरकुरीत कागदाच्या असतात आणि टाचणीच्या जागी गंजाची दोन तपकिरी टिंबे उरलेली असतात. पान उलटताना खालून तळहात द्यावा लागतो, नाहीतर कोपरा मुडपतो.

फोल्डर उघडल्यावर कधी कधी सर्वांत वर एक तक्ता दिसतो आणि नवखा माणूस तो बाजूला सारतो. तसे करू नये, उलट आधी तोच वाचावा. जे कागद काढून घेतले आहेत त्यांचा प्रकार, कोणी कोणाला लिहिले, तारीख आणि न दाखवण्याचे कारण त्यात नोंदलेले असते. कारणाच्या रकान्यात एकच अक्षर असते : ‘ए’ म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेसाठी बंद, ‘बी’ म्हणजे कायद्याने किंवा मूळ खात्याने बंद, आणि ‘सी’ म्हणजे दानपत्रातील अटींमुळे बंद. दानपत्र हा शब्द मला आधी खटकला, कारण राष्ट्राध्यक्षांचे कागद दान कसे असतील? पण अध्यक्षीय अभिलेखांचा १९७८ चा कायदा २० जानेवारी १९८१ नंतरच्या, म्हणजे रेगन यांच्यापासूनच्या कागदांना लागू होतो. त्याआधीची परंपरा अशी की कागद अध्यक्षांच्या मालकीचे, आणि ते त्यांनी देशाला भेट द्यायचे. कार्टर हे त्या जुन्या रिवाजातले शेवटचे. अमली पदार्थांच्या फायलींत परदेशी सरकारांशी झालेले व्यवहारही येतात, त्यामुळे ‘ए’ भेटण्याची तयारी ठेवावी. असा कागद पुन्हा तपासून खुला करावा अशी रीतसर विनंती करता येते, पण उत्तर यायला मोठा काळ जातो, तेव्हा अर्ज भरून आपल्या कामाला लागावे.

मी गेले होते ती त्या चिठ्ठीसाठी. बोर्न यांनी आपल्या कार्यालयातील एका साहाय्यक महिलेसाठी काल्पनिक नावाने मेथॅक्वालोनची चिठ्ठी लिहून दिली होती. नाव गुप्त राहावे एवढाच हेतू होता असे त्यांचे म्हणणे होते. व्हर्जिनियातील औषधाच्या दुकानात शंका आली, प्रकरण वर्तमानपत्रांत गेले आणि २० जुलै १९७८ ला त्यांनी राजीनामा दिला. हा सगळा भाग वर्तमानपत्रांत मुबलक आहे, आणि त्यासाठी अटलांटाला जायची गरज नाही. विषयवार फायली म्हणजे कार्यालयाने रोज केलेले काम, आणि त्या कामात राजीनाम्याला जागा नसणार हे मला सूची वाचतानाच समजायला हवे होते. ज्यांना प्रकरणातच रस आहे त्यांनी वृत्त सचिव आणि कायदेविषयक सल्लागार यांच्या संग्रहांच्या सूची आधी चाळाव्यात.

धोरणात रस असणाऱ्यांना मात्र २ ऑगस्ट १९७७ ही तारीख पुरते. त्या दिवशी कार्टर यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, पाठवलेल्या संदेशात, पदार्थ बाळगल्याची शिक्षा त्या पदार्थाच्या सेवनापेक्षा माणसाचे अधिक नुकसान करणारी नसावी, हे तत्त्व मांडले आणि एक औंसापर्यंत, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, मॅरुआना (गांजा) बाळगणे केंद्रीय कायद्यात फौजदारी गुन्हा ठरू नये अशी शिफारस केली. त्या तारखेच्या मागचे चार-सहा महिने आणि पुढचे वर्ष एवढाच पट्टा धरून वाचावे. काँग्रेसने ती शिफारस कायद्यात आणली नाही. आठ वर्षांनी भारताने १९८५ चा अमली पदार्थ कायदा केला, त्याची दिशा नेमकी उलटी होती, आणि तो कायदा शिकवण्यात माझी पुढची वर्षे गेली. त्यामुळे हे वाक्य अध्यक्षीय संदेशात छापलेले पाहताना मी जरा थांबले, हे कबूल करते. बोर्न यांचे अमली पदार्थ धोरणाचे कार्यालयही फार टिकले नाही. १९७७ च्या पुनर्रचनेत कार्टर यांनीच ते मोडीत काढले आणि ते काम अंतर्गत धोरण विभागाकडे गेले, जिथे पुढे ली डोगोलॉफ यांनी ते सांभाळले. म्हणून १९७८ नंतरचा धागा बोर्न यांच्या नावाने शोधत बसू नये.

माझे शेवटचे दोन दिवस भलतीकडेच गेले. पदाच्या नावात आरोग्य आधी येते, आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य, जगातील भूक, पिण्याचे पाणी या विषयांवर या कार्यालयाने किती शक्ती खर्च केली होती याची मला कल्पना नव्हती. १९७७ साली अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे संयुक्त राष्ट्रांची पाणी परिषद झाली, तिच्यातून १९८१ ते १९९० हे पिण्याचे पाणी व स्वच्छता दशक ठरले, आणि व्हाइट हाउस सोडल्यावर बोर्न त्याच दशकाच्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांत गेले. मी मूळची सोलापूरची. त्या दशकात जगभर पोचलेल्या ‘इंडिया मार्क टू’ हातपंपाचे मूळ आमच्याच भागातल्या जालना पंपात आणि सोलापूर पंपात आहे. दुष्काळात आमच्या गल्लीच्या टोकाला असा एक हापसा होता, त्याचा दांडा माझ्या डोक्याच्या वर जाई, आणि खाली आणायला दोघी बहिणींना मिळून लोंबकळावे लागे. त्या फोल्डरांत सोलापूरचे नाव मला दिसले नाही, दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. तरी क्वालूडची फाईल मागायची सोडून मी पाण्याचे कागद मागत राहिले, आणि गाडी ढकलत आणणाऱ्या बाईंनी, विषय बदलला का, असे हसून विचारले.

छायाचित्रांबाबत एक चूक सांगते. पहिल्या सत्रात मी पानांमागून पाने टिपली, पण फोल्डरचे नाव आणि खोक्याचा क्रमांक टिपला नाही. रात्री मुलीच्या घरी बसून दोनशेहून अधिक छायाचित्रे पाहताना कुठले पान कुठले हे काही केल्या उमगेना, आणि दुसऱ्या दिवशी तीच खोकी पुन्हा मागवावी लागली. प्रत्येक फोल्डर उघडताना आधी त्याच्या पुठ्ठ्यावरील नावाचे आणि खोक्यावरील चिठ्ठीचे छायाचित्र काढावे, मगच पानांकडे वळावे. फोन पूर्ण भारलेला असावा आणि अंगावर एक शाल असावी, कारण बाहेर ऑक्टोबरचे ऊन असले तरी आत थंडी वाजते.

वेळ उरला तर मार्टिन ल्यूथर किंग यांचे स्मारकक्षेत्र जवळच आहे. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि आवारात १९९८ साली भारतातून आलेला गांधीजींचा चालता पुतळा उभा आहे. मी शुक्रवारी संशोधन कक्ष बंद झाल्यावर गेले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या, आणि शाळेच्या सहलीला आलेली मुले पुतळ्याच्या काठीला हात लावून फोटो काढत होती.