आमची वाटचाल : अपडेट बंद न करणारं दुकान

बेळगावातल्या उद्यमबागच्या फौंड्र्या आणि मशीन शॉपच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर सांभाळायचं काम आम्ही विंडोज एक्स्पीच्या जमान्यात धरलं. पहिली कामं कशी मिळाली ते सोडून देतो, सगळ्यांना तशीच मिळतात. सांगायचंय ते सप्टेंबर 2021 चं.

त्या महिन्याच्या विंडोज अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर पटापट बंद पडले, एररच्या शेवटी 11बी. लेसर प्रिंटरचं सोपं होतं. त्याला स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देऊन टीसीपी पोर्टवर थेट जोडला की शेअरिंगची भानगडच नाही. अडली ती चलनं छापणारी डॉट मॅट्रिक्स, तिला लॅनची, म्हणजे नेटवर्कची, वायर कुठली? मायक्रोसॉफ्टने प्रिंटिंगच्या आरपीसीची, म्हणजे मशीनं एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीची, ओळख-तपासणी कडक केली होती. प्रिंटर जोडलेलं मशीन अपडेट झालेलं आणि बाकीची मागे असली, की ते त्यांना दारातच अडवायचं. इलाज सरळ होता : सगळी मशीनं एका पातळीवर आणायची. तरीही नाही जमलं तर प्रिंट पाठवणाऱ्या मशीनवर नवा लोकल पोर्ट तयार करून त्याला शेअरचा पूर्ण पत्ता द्यायचा.

शहरातल्या एका दुकानवाल्याने मात्र अपडेट काढून टाकला, विंडोज अपडेटची सर्व्हिस डिसेबल केली आणि तासाभरात हिरो झाला. ‘अपडेटमुळंच बिघडतंय’ हे ब्रीद घेऊन त्याने आमच्या एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार, निम्म्या दरात उचलल्या. दुकान बंद करायची वेळ आली होती. मच्छेचे एक कास्टिंगवाले मालक तेवढे हलले नाहीत. ‘दोन दिवस चलन हातानं लिहू, पण मशीन उघडं ठेवू नका,’ म्हणाले. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा रॅन्समवेअर त्यांच्या लक्षात होता : त्याची वाट बंद करणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) 14 मार्च 2017 ला आलेला, हल्ला 12 मेला. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी तो टाकला नाही, ते सापडले.

पुढे त्या हिरोची मशीनं आमच्याच टेबलावर आली. विंडोज 10 चं 2004 नंबरचं रिलीज (ते साल नव्हे) तसंच अडकलेलं, ज्याला डिसेंबर 2021 नंतर सुरक्षा अपडेटच नाहीत.

कुणी विचारलं नाही, तरी आमची पद्धत सांगतो. अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री येतो. बुधवारी तो एकाच मशीनवर टाकायचा, तेही अकाउंटंटच्या नव्हे. तिथे टॅली, डिजिटल सिग्नेचरचं टोकन आणि चलनाची प्रिंट तपासायची. बाकीची आठवडाभर पॉजवर. टॅलीचा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा आणि डिस्क काढून ठेवायची. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही खातो. डाउनलोड अडकला तर बिट्स (विंडोजची मागे डाउनलोड करणारी सर्व्हिस) आणि अपडेटची सर्व्हिस थांबवून सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन फोल्डरचं नाव बदलायचं, मग दोन्ही सुरू. त्याआधी सी ड्राइव्ह बघा, निम्म्या वेळा तोच भरलेला असतो. आणि यूपीएस आधी प्लग काढून तपासा. मोठा अपडेट बसताना लाईट गेली, तर मशीन सुरूच होईल याची खात्री नाही.

स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राला, जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसेल, तर लॅनची वायर काढा, रिपोर्ट पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर व्हायरससाठी स्कॅन करा.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. 2021 मध्ये आम्हाला सोडून गेलेले ग्राहक आता फोनवर विचारतात, इंटेलच्या सहाव्या जनरेशनच्या प्रोसेसरच्या मशीनवर विंडोज 11 कसं टाकायचं. अधिकृतपणे इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतो, एवढं फुकट सांगतो. बाकी येऊन बघू, व्हिजिट चार्ज वेगळा.