रुग्ण कल्याण समितीची घटना बदलताना : माझा अनुभव

आमच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाचा निधी आणि सोयी पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीत मी स्वयंसेवी संस्थेची प्रतिनिधी म्हणून अशासकीय सदस्य आहे. समितीची घटना, म्हणजे तिचे उद्देश आणि नियम, बदलायचं काम माझ्याकडे आलं आणि ते पूर्णही झालं. पण संस्थांच्या नोंदी ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयातल्या एका टेबलावर आमची फाइल जशी अडकली, त्याचा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या एखाद्या समितीची फाइल त्याच कारणासाठी अडकू नये, म्हणून हे लिहिते आहे.

आमची समिती २००६ साली नोंदली गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यानंतर गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत अशा समित्या उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या वर्षांत ग्रामीण रुग्णालयाच्या समितीला वर्षाला १ लाख रुपये यायचे. बहुतेक ठिकाणी वरून आलेला घटनेचा नमुनाच सह्या करून नोंदणीला गेला. आमचंही तसंच. त्यात तातडीच्या खर्चाची मर्यादा त्या काळातली, रुग्णांच्या तक्रारी कोण ऐकणार याबद्दल एक ओळ नाही, आणि गणसंख्येचा, म्हणजे सभेला किमान किती सदस्य हवेत याचा, नियम असा की सगळ्या लोकनियुक्त जागा भरलेल्या आहेत हे गृहीतच धरलेलं. २०१५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तक्रार निवारण आणि रुग्णांचे हक्क हे समितीचंच काम म्हणून आलं आहे. आमच्या घटनेपर्यंत मात्र ते पोहोचलंच नव्हतं.

मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा ही घटना आम्हाला खरी नडली. समितीचा कारभार पाहणाऱ्या नियामक मंडळातल्या जिल्हा परिषद सदस्यांच्या आणि पंचायत समिती सभापतींच्या जागा त्याच महिन्यात रिकाम्या झाल्या. सभा बोलवायची, गणसंख्येअभावी तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवायची, असं सुरू झालं. नेहमीचे विषय तहकूब सभेत चालतात. घटनादुरुस्ती तशी करू नका, पुढे कोणीही हरकत घेऊ शकतं.

आम्ही जिल्हा परिषदेला लेखी विचारलं. पंचायत समितीचे प्रशासक म्हणून गटविकास अधिकारी सभापतींच्या जागी बसतील, असं पत्र आलं. ते आमच्या मंडळावर आधीच पदसिद्ध, म्हणजे पदामुळे आपोआप, सदस्य होते. मग त्यांचं मत एक धरायचं की दोन, यावर सभेत बरीच चर्चा झाली. आम्ही एकच धरलं आणि तसं इतिवृत्तात स्पष्ट लिहिलं. त्या एका ओळीचा पुढे फार उपयोग झाला.

उद्देशांत 'रुग्णांच्या तक्रारींचे निवारण' हे नवं कलम घालायचं होतं. म्हणून संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १२ ची पद्धत पाळली. प्रस्ताव विशेष सभेच्या १० दिवस आधी प्रत्येक सदस्याला लेखी, सभेत तीन पंचमांश मतं, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तेवढ्याच मतांनी शिक्कामोर्तब. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पावत्या जपून ठेवल्या. वैद्यकीय अधीक्षक मॅडमनी दोन्ही सभांच्या तारखा ओपीडी सांभाळून ठरवल्या आणि सगळ्यांना स्वतः फोन केले. हे सगळं सुरळीत झालं.

महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदलेली असते. त्यामुळे ठराव झाला की कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. वकील त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. आमचा मुदतीत गेला. फाइल नीट लावलेली, प्रत्येक पानावर क्रमांक, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता समोरासमोर.

टेबलावरच्या लिपिकाने ठरावाखालच्या सह्या पाहिल्या, मग संगणकात शेड्यूल एक उघडलं आणि विचारलं, "ही माणसं कोण? आमच्या रेकॉर्डवर यातलं कोणीच नाही."

शेड्यूल एक म्हणजे संस्थेचा सरकारी सातबाराच म्हणा. त्यावर २००६ चे वैद्यकीय अधीक्षक, तेव्हाचे गटविकास अधिकारी, तेव्हाचे सभापती अशी नावं होती. सरकारी अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी बदल्यांच्या कायद्याप्रमाणे ३ वर्षांचा. इतक्या वर्षांत किती अधीक्षक आले, किती गेले. प्रत्येक बदलीनंतर बदल अर्ज द्यायला हवा होता आणि एकदाही दिला गेला नव्हता. येणाऱ्या अधिकाऱ्याला दवाखाना चालवायचा असतो, हा अर्ज द्यायचा आहे हे त्याच्या कार्यभाराच्या कागदात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मी एकाही अधिकाऱ्याला दोष देत नाही.

पण त्या टेबलावरून जे पुढे मागितलं गेलं, त्याला माझी हरकत होती आणि आजही आहे. त्रुटी पत्रात लिहिलं होतं : बाहेर पडलेल्या प्रत्येक विश्वस्ताचा राजीनामा आणि ना हरकत जोडा. पदसिद्ध सदस्य राजीनामा देत नाही. बदली झाली की त्याचं सदस्यत्व आपोआप संपतं आणि खुर्चीवर येणारा माणूस सदस्य होतो. २००६ चे अधिकारी कधीच निवृत्त झालेले, काही दुसऱ्या जिल्ह्यात स्थायिक, एक तर हयातही नाहीत. त्यांचे राजीनामे आणायचे कुठून? मी हे सांगितलं. उत्तर आलं, "सगळ्या ट्रस्टना हाच नियम आहे." एखाद्या देवस्थानाचा विश्वस्त आणि सरकारी दवाखान्याच्या समितीतला पदसिद्ध अधिकारी यांच्यात फरक आहे, हे ऐकून घ्यायची तयारीच नव्हती. आणि त्रुटी एकदम सांगत नव्हते. एक पूर्ण केली की दुसरी निघायची. ओळखपत्रांच्या प्रती, मग संमतिपत्रं, मग संमतिपत्रांवर फोटो, मग मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. प्रत्येक वेळी तालुक्यातून जिल्ह्याला. मी तिथे बसून असताना इकडे दवाखान्यात तातडीची खरेदी जुन्या मर्यादेत अडलेली असायची, याचा त्रास सर्वांत जास्त झाला.

गाठ सुटली ती आमच्याच जुन्या घटनेतल्या एका कलमाने. 'पदसिद्ध सदस्य त्या पदावर असेपर्यंतच सदस्य राहील' असं त्यात छापलेलं होतं. मी ते कलम अर्जाच्या पहिल्या पानावर उतरवलं आणि राजीनाम्यांऐवजी प्रत्येकाचा बदली आदेश आणि कार्यभार हस्तांतरणाचा दाखला जोडला. हे कागद जिल्हा शल्य चिकित्सकांच्या आणि पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत मिळतात, फक्त साक्षांकित प्रत हवी असं अर्जात आधीच लिहा. हयात नसलेल्या साहेबांच्या घरच्यांनी मृत्यूचा दाखला दिला. लोकनियुक्त सदस्यांसाठी मुदत संपल्याचं कार्यालयाचं पत्र पुरलं. मग लिपिकाशी वाद घालणं सोडून मी थेट सहायक धर्मादाय आयुक्तांपुढे लेखी म्हणणं मांडलं. त्यांनी कलम वाचलं आणि राजीनाम्याची त्रुटी तिथल्या तिथे काढून टाकली. कायदा वाचणाऱ्या माणसापर्यंत कागद पोहोचला की काम होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी मला मनापासून समाधान वाटलं.

तरीही मधल्या सगळ्या बदलांचे अर्ज कालक्रमाने द्यावेच लागले, विलंब माफीच्या अर्जासह. विलंबाचं कारण खरं आणि थोडक्यात लिहा. कालक्रम मोडू नका, आधीचा बदल मान्य झाल्याशिवाय पुढचा विचारात घेत नाहीत. घटनादुरुस्तीचा अर्ज सगळ्यांत शेवटी मंजूर झाला.

अर्ज कोणी द्यायचा, याचा वेगळा ठराव लागतो हे सांगायचं राहिलं. त्या माणसाला रिपोर्टिंग ट्रस्टी म्हणतात. आम्ही अधीक्षक मॅडमबरोबर माझंही नाव घातलं होतं. मध्येच त्यांची बदली झाली, पण अर्ज थांबला नाही. बदली न होणारा एक सदस्य त्यात असायलाच हवा. आणि मसुद्याला हात लावण्याआधी शेड्यूल एकचा प्रमाणित उतारा काढा. नक्कल शाखेत साधा अर्ज केला की मिळतो. सध्याची नावं आणि त्यावरची नावं जुळत नसतील तर खरं काम तिथून सुरू होतं, घटना नंतर.

नव्या नियमावलीत आम्ही कोणाचंही नाव घातलेलं नाही, फक्त पदं आहेत. लोकनियुक्त मंडळ अस्तित्वात नसेल त्या काळात त्या जागा गणसंख्येत धरायच्या नाहीत, असं कलम आहे. एका माणसाकडे दोन पदं असली तरी मत एकच. पदसिद्ध सदस्य बदलला की पुढच्याच सभेत त्याची नोंद आणि ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, ही जबाबदारी सदस्य सचिवांवर नावानिशी टाकली आहे आणि कार्यभार देण्याघेण्याच्या यादीतही ती ओळ घातली आहे. तक्रारींसाठी वेगळी उपसमिती आहे, तिच्यात एक आशाताई आणि एक अशासकीय महिला सदस्य.

समितीच्या खात्यावरच्या सह्या बदलायला बँकेला बदल मंजुरीच्या आदेशाची प्रत आणि शेड्यूल एकचा नवा उतारा दोन्ही लागतात. नुसत्या ठरावावर सह्या बदलून देत नाहीत. उतारा काढताना दोन-तीन जादा प्रती एकदमच मागून घ्या.